पाच गट, दहा सेटअप आणि एक पाण्याची टाकी

वाचकांचे प्रश्न. या वेळचा विषय: केमिकल इंजिनीअरिंगची प्रयोगशाळा आणि तिचं सत्र कसं बसवावं. पत्रं बहुतेक बडोद्याची आहेत, एक इंदूरचं. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

प्रश्न: यंदा पाचव्या सत्राच्या युनिट ऑपरेशन्स लॅबची (गाळणं, तापवणं, वाळवणं अशा कारखान्यातल्या मूलभूत क्रियांच्या प्रयोगशाळेची) जबाबदारी माझ्याकडे आली आहे. विद्यार्थी ६०, वीस-वीसच्या तीन बॅच, प्रत्येक बॅचला आठवड्यातून एकदा तीन तास. अभ्यासक्रमात १२ प्रयोग आहेत, चालू स्थितीतले सेटअप १० आहेत. आजवर सगळी बॅच एकाच सेटअपभोवती उभी राहते, दोघं वाचनं घेतात आणि बाकीचे उतरवून घेतात. यातून बाहेर कसं पडावं?
(सहायक प्राध्यापिका, बडोदा)

उत्तर: आधी बारा प्रयोगांचा आग्रह सोडा. रेनॉल्ड्सचा रंगीत धाग्याचा प्रयोग (पाण्यात रंगाची धार सोडून प्रवाह शांत की खळबळता ते पाहण्याचा) प्रात्यक्षिक म्हणून सगळ्या बॅचला एकदम दाखवा, त्याला अर्धा तास पुरतो. बॉल मिल आणि चाळणी विश्लेषण एकत्र करा, कारण मिलमधून निघालेला मालच चाळायचा असतो. उरतील ते दहा.

वीसच्या बॅचचे चार-चारचे पाच गट करा. एका वेळी पाचच सेटअप चालू राहतील, उरलेले पाच बंद. हे पाच बंद असणं फार मोलाचं आहे. तेवढ्या आठवड्यांत सहायकाला गॅस्केट बदलायला, रोटामीटर (आत फ्लोट असलेली, प्रवाह मोजणारी नळी) साफ करायला, गळती काढायला वेळ मिळतो. दहाही सेटअप सतत चालू ठेवले तर ऑक्टोबरात सहा उरतात.

पंधरा आठवड्यांची मांडणी अशी. पहिला आठवडा सुरक्षेचा. दुसरा मोजमापाचा: रोटामीटर बादली-घड्याळाने तपासणं, थर्मामीटर बर्फात घालणं, त्रुटी कशी मांडायची ते शिकणं. तिसऱ्या ते सातव्या आठवड्यात पहिली फेरी, आठवा आठवडा फेरप्रयोगांचा, नवव्या ते तेराव्यात दुसरी फेरी, चौदावा पुन्हा फेरप्रयोगांचा, पंधराव्यात तोंडी परीक्षा. फेरप्रयोगांचे आठवडे कॅलेंडर पाहून सरकवा. नवरात्रात रात्री उशिरा गरब्याहून परतलेल्या मुलांच्या हाती सकाळी टोल्युइनसारखं ज्वलनशील सॉल्व्हंट देण्यात शहाणपण नाही, आणि बडोद्यात हा विचार वेळापत्रक छापण्याआधीच केलेला बरा.

कोणता प्रयोग कोणत्या फेरीत, हे वर्गात शिकवण्याच्या क्रमाइतकंच वीज आणि पाण्यावर ठरतं. पहिल्या फेरीत व्हेंच्युरी-ऑरिफिस (पाइप अरुंद करून प्रवाह मोजणं), पॅक्ड बेडमधला दाबक्षय, फिल्टर प्रेस, डबल पाइप हीट एक्स्चेंजर (नळीत नळी, एकीत गरम आणि दुसरीत गार पाणी) आणि बॅच रिॲक्टर. दुसऱ्या फेरीत डिस्टिलेशन, सीएसटीआर (सतत ढवळली जाणारी वाहती रिॲक्टर-टाकी), द्रव-द्रव एक्स्ट्रॅक्शन, ट्रे ड्रायर आणि मिल-चाळणी. असं केलं की मास ट्रान्सफरचे प्रयोग वर्गात तो भाग शिकवून झाल्यावर येतात आणि मोठे हीटर एकाच फेरीत गर्दी करत नाहीत.

तीन तासांचेही तुकडे पाडून द्या. पहिली १५ मिनिटं सेटअपसमोर तोंडी प्रश्न, त्यात टाकीपासून ड्रेनपर्यंत प्रत्येक व्हॉल्व्हवर बोट ठेवून पाण्याचा मार्ग सांगायला लावा. ज्याला बायपास व्हॉल्व्ह दाखवता येत नाही त्याने पंप सुरू करायचा नाही. मग ३५ मिनिटं सुरू करून स्थिर होऊ द्यायला, ७५ मिनिटं वाचनं, १५ मिनिटं बंद करायला आणि शेवटची ४० मिनिटं तिथेच एका वाचनाचं पूर्ण गणित. हे शेवटचं कोणत्याही कारणाने कापू नका. घरी जाऊन 'तापमान नोंदवायचं राहिलं' हे कळण्यात काही अर्थ नसतो. तिथे कळलं तर पाच मिनिटांत वाचन पुन्हा घेता येतं.

गटातली कामं वाटून द्या: एक प्रमुख, एक व्हॉल्व्ह-स्विच सांभाळणारा, एक नोंदी ठेवणारा, एक जागेवर गणित आणि सुरक्षा पाहणारा. दर आठवड्याला कामं फिरवा आणि फिरवलेल्याची सही घ्या. नाहीतर नोंदी ठेवणारी मुलगी वर्षभर नोंदीच ठेवत राहते.

आणि सुट्टीत प्रत्येक प्रयोग तुम्ही स्वतः, सहायकाला बरोबर घेऊन, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवा. एकाच स्थितीत तीन वेळा वाचन घ्या. तीन वाचनांमधला फरक हीच त्या सेटअपची कुवत. विद्यार्थ्यांकडून त्याहून नेमकं उत्तर मागायचं नाही आणि तसं आलं तर संशय घ्यायचा.

प्रश्न: हीट एक्स्चेंजर, डिस्टिलेशन आणि ड्रायर एकत्र लावले की एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) पडतो. दुसरी तक्रार पाण्याची. गच्चीवरच्या टाकीचं पाणी कंडेन्सरमधून थेट गटारात जातं म्हणून ओरडा होतो. टाकीत परत सोडलं तर दुपारच्या बॅचला पाणी कोमट मिळतं. काय करावं?
(प्रयोगशाळा सहायक, प्रतापनगर, बडोदा)

उत्तर: विजेचं गणित सोपं आहे. ३ किलोवॅटचा हीटर २३० व्होल्टवर १३ अँपिअर घेतो. असे दोन एकाच १६ अँपिअरच्या सर्किटवर बसले की एमसीबी पडणारच, आणि तो पडतोय ही चांगली गोष्ट आहे. मोठा एमसीबी बसवून प्रश्न 'सोडवू' नका, वायर तापेल. तीन हीटर तीन फेजवर वाटून घ्या, प्रत्येकाला स्वतंत्र सर्किट आणि अर्थ लीकेज ब्रेकर द्या. पाण्यात बुडणाऱ्या हीटरला पातळीचा फ्लोट स्विच असलाच पाहिजे. कोरडा तापलेला हीटर काही मिनिटांत जळतो आणि बरेचदा टाकीही घेऊन जातो.

पाण्याचं असं. कंडेन्सरला मिनिटाला ५ लिटर धरलं तर तीन तासांत ९०० लिटर जातात, म्हणजे ओरडा रास्त आहे. आता १००० लिटरची टाकी लावून तेच पाणी फिरवलं तर ३ किलोवॅटची उष्णता तीन तासांत टाकीत साठते: ३ गुणिले १०,८०० सेकंद म्हणजे ३२,४०० किलोज्यूल. त्याला १००० किलो पाण्याच्या ४१८० ने भागा, तापमान साधारण पावणेआठ अंशांनी चढतं. सकाळी ३० अंशांवर असलेलं पाणी दुपारी ३८ ला मिळतं ते यामुळेच.

उपाय दोन. दोन टाक्या ठेवा, सकाळी एक आणि दुपारी दुसरी, रात्रभरात दोन्ही उतरतात. किंवा परतीच्या पाइपला फवारा लावून पाणी टाकीत वरून पडू द्या. कोरड्या हवेत, म्हणजे मार्च ते मेमध्ये, हा फवारा चांगलं काम करतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्याच्यावर भरवसा ठेवू नका. टाकी उन्हात असेल तर आधी ती सावलीत आणा, बाकीचं नंतर.

प्रश्न: डबल पाइप हीट एक्स्चेंजरमध्ये गरम पाण्याने दिलेली आणि गार पाण्याने घेतलेली उष्णता कधीच जुळत नाही. फरक ३० ते ४० टक्के. मुलं शेवटी आकडे 'बसवतात'. सेटअप खराब आहे का?
(प्राध्यापक, खासगी अभियांत्रिकी महाविद्यालय, वाघोडिया रोड)

उत्तर: बहुधा सेटअप ठीक आहे, प्रवाह चुकीचे निवडले आहेत. आकड्यांतच पाहा. गरम पाणी मिनिटाला ५ लिटर, चार अंशांनी उतरतं: १.३९ किलोवॅट. गार पाणी मिनिटाला ८ लिटर, तेवढीच उष्णता घेऊन ते फक्त अडीच अंशांनी चढतं. आता दोन्ही टोकांच्या सेन्सरमध्ये अर्ध्या-अर्ध्या अंशाची चूक असेल तर फरकातली चूक वर्गमूळाच्या रीतीने ०.७ अंश होते. अडीचमध्ये ०.७ म्हणजे २८ टक्के. दोन्ही चुका उलट दिशेने असतील तर ४० टक्के. तुमचा फरक इथूनच येतो.

गार प्रवाह ३ लिटरवर आणला तर तीच उष्णता ६.६ अंशांचा फरक देईल. प्रत्यक्षात गार बाजूचा उष्णता-संक्रमण गुणांक उतरल्यामुळे उष्णताही घटते, तेव्हा पाच-साडेपाच धरा. त्याच ०.७ ची टक्केवारी लगेच १३-१४ वर येते. पुढची पायरी सेन्सरची. चारही पीटी-१०० (तापमानाचे सेन्सर) एकत्र बांधून वितळत्या बर्फात दहा मिनिटं ठेवा, प्रत्येकाचा शून्यापासूनचा फरक लिहून यंत्रावर चिकटवा आणि तो प्रत्येक वाचनातून वजा करा. चारही सेन्सर एकमेकांशी ०.१ अंशात जुळले की उष्णतेच्या ताळेबंदातली त्यांची चूक तीन टक्क्यांच्या आत येते. त्यानंतर उरेल तो फरक खरा: उघड्या पाइपमधून जाणारी उष्णता, किंवा स्थिर होण्याआधी घेतलेलं वाचन. सलग तीन वाचनं पाच-पाच मिनिटांनी घ्या. तिन्ही ०.२ अंशात आली की मगच स्थिर समजा. गरम पाणी टाकीतून फिरत असेल तर टाकीचं तापमानही वर-खाली होत नाही ना ते पाहा, थर्मोस्टॅट चालू-बंद होतो तेव्हा वाचनं त्याच्या तालावर डोलतात.

एक मेख आहे. बाहेरच्या नळीचा आतला व्यास २८ मिमी आणि आतल्या नळीचा बाहेरचा १६ मिमी असेल तर ३ लिटरला त्या मधल्या पोकळीतला रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह शांत की खळबळता ते सांगणारा आकडा) १८०० च्या आसपास येतो, म्हणजे प्रवाह लॅमिनार, थराथराने शांत वाहणारा. तिथे टर्ब्युलंट, म्हणजे खळबळत्या प्रवाहासाठीचं डिटस-बोल्टरचं समीकरण वापरून 'सैद्धांतिक' उत्तराशी तुलना करणं चूक आहे, आणि विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगवहीत, हमखास सापडते ती हीच चूक. ८ लिटरला तो ४८०० होतो, तोही पूर्ण टर्ब्युलंट म्हणता येत नाही. तेव्हा दोन कामं वेगळी करा. ताळेबंद कमी गार प्रवाहाला तपासा. समीकरणाशी तुलना आतल्या नळीतून करा: १३ मिमी व्यासाच्या नळीत ५ लिटर गरम पाण्याचा रेनॉल्ड्स नंबर साधारण १६,००० असतो, तो पक्का टर्ब्युलंट. गार प्रवाह एकाच जागी ठेवा, गरम प्रवाह पाच-सहा पायऱ्यांत बदला आणि वेगाच्या ०.८ घाताच्या व्यस्ताविरुद्ध १/यू चा आलेख काढा (यू म्हणजे एकूण उष्णता-संक्रमण गुणांक). विल्सनचा हा आलेख सरळ आला तर वाचनं नीट आहेत. तो छेदतो त्या जागी बाहेरची बाजू, भिंत आणि बसलेला क्षार यांचा एकत्रित रोध मिळतो. दर वर्षी तो आकडा भिंतीवर लिहून ठेवा. वाढत गेला तर नळीत क्षार बसतोय: ५ टक्के सिट्रिक ॲसिडचं कोमट द्रावण तासभर फिरवून धुवा.

आकडे 'बसवण्या'बद्दल: ताळेबंदात फरक दाखवून त्याचं कारण त्रुटीच्या गणिताने देणाऱ्याला पूर्ण गुण आणि शून्य फरक दाखवणाऱ्याला तोंडी परीक्षेत दहा मिनिटं जास्त, एवढा नियम पहिल्या दिवशी सांगून टाका.

प्रश्न: आमच्याकडे व्हेंच्युरी आणि ऑरिफिसला अजून पाऱ्याचे मॅनोमीटर (दाबातला फरक दाखवणाऱ्या यू आकाराच्या नळ्या) आहेत. मागच्या सत्रात व्हॉल्व्ह झटक्यात उघडल्याने पारा पाण्याच्या लाइनीत गेला. कार्बन टेट्राक्लोराइड भरावं का?
(प्रयोगशाळा सहायक, बडोदा)

उत्तर: नाही. टेट्राक्लोराइड यकृताला घातक आहे आणि ओझोनचा थर खाणाऱ्या पदार्थांच्या यादीतला असल्याने त्याच्या वापरावर बंदी आली. पाराही काढाच, पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या मिनामाता करारात भारतही आहे.

उलटा यू-मॅनोमीटर लावा, वर हवा आणि खाली दोन्ही बाजूंना तेच पाणी. स्वस्त आहे आणि मोजमापही सुधारतं. २५ मिमी पाइप, १५ मिमीचं ऑरिफिस, मिनिटाला २० लिटर: गुणांक ०.६२ धरला तर पाण्याचा फरक सुमारे ४१० मिमी येतो. पाण्याखालच्या पाऱ्यात हाच फरक १२.६ ने भागला जातो, म्हणजे ३३ मिमी. एक मिमी वाचनाची चूक तिथे ३ टक्के आणि इथे पाव टक्का. प्रवाह वर्गमूळात जातो म्हणून त्याच्यातली चूक याच्या निम्मी, पण फरक राहतोच.

नळी पारदर्शक, मीटरभर उंचीची घ्या आणि वरच्या वाकात छोटा व्हॉल्व्ह बसवा. पंपाचा दाब जास्त असला की पाण्याच्या दोन्ही पातळ्या पट्टीबाहेर चढतात. तेव्हा त्या व्हॉल्व्हमधून सायकलच्या पंपाने थोडी हवा भरा, दोन्ही पातळ्या एकत्र खाली येतात, फरक तसाच राहतो. जोडणाऱ्या नळ्यांत बुडबुडा अडकला तर मात्र वाचन खोटं: प्रवाह बंद असताना दोन्ही पातळ्या सारख्या दिसल्याच पाहिजेत, हे दर बॅचच्या सुरुवातीला तपासायला लावा.

लाइनीत गेलेला पारा: ते सर्किट वापरायचं थांबवा, सगळ्यात खालच्या प्लगपाशी ट्रे ठेवून काढा, जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत पाण्याखाली झाकून ठेवा आणि घातक कचरा नेणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेला द्या. जमिनीवर सांडलेल्या थेंबांवर गंधकाची पूड टाका. झाडू आणि व्हॅक्युम क्लीनर दोन्ही नकोत, दोन्हींनी तो पसरतो.

प्रश्न: इथाइल ॲसिटेट आणि कॉस्टिकच्या (सोडियम हायड्रॉक्साइड) प्रयोगात आमचा के (प्रक्रियेचा वेग-स्थिरांक) पुस्तकाच्या जवळजवळ दुप्पट आला. शिवाय टायट्रेशनमध्ये गुलाबी रंग येतो आणि जातो, कुठे थांबायचं कळत नाही. सर म्हणतात पुन्हा करा.
(विद्यार्थिनी, तिसरं वर्ष, दांडिया बाजार)

उत्तर: पुन्हा कराल तर पुन्हा तेच येईल, कारण तुमचं उत्तर बहुधा बरोबर आहे. पुस्तकातला साधारण ०.११ लिटर प्रति मोल-सेकंद हा आकडा २५ अंशांचा आहे. सक्रियण ऊर्जा ४७ किलोज्यूल प्रति मोल धरली तर ३५ अंशांना तोच ०.२० होतो. एप्रिलमध्ये बडोद्याच्या प्रयोगशाळेत टाकीतलं पाणी किती असतं, ते थर्मामीटर घालून पाहा. तापमान न लिहिता के लिहिणं म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट टाकणं.

आता प्रयोग नीट बसवू. नेहमी ०.१ मोलरची दोन द्रावणं समभाग मिसळतात, म्हणजे मिश्रणात दोन्ही ०.०५. अर्धा भाग संपायला २५ अंशांना तीन मिनिटं लागतात, ३५ ला शंभर सेकंदही लागत नाहीत. दोन मिनिटांनी पहिला नमुना घ्याल तोवर निम्म्याहून जास्त खेळ आटोपलेला असतो. दोन रस्ते आहेत. पाण्याच्या बाथमध्ये दोन्ही द्रावणं आधी वेगवेगळी २५ ला आणून मग मिसळायची. त्यासाठी बाथला बर्फ किंवा चिलर हवा, नुसता थर्मोस्टॅट तापवू शकतो, गार करू शकत नाही. नाहीतर ०.०४ मोलरची द्रावणं घ्या, मिश्रणात ०.०२ होईल आणि ३५ ला अर्धायुष्य चार मिनिटांच्या पुढे जाईल.

प्रमाणं: ०.०४ मोलरसाठी लिटरला कॉस्टिक १.६ ग्रॅम आणि इथाइल ॲसिटेट ३.९ मिली. दोन्ही त्याच दिवशी करा. कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड पितं आणि ॲसिटेट उडतं, शिवाय पाण्यात आपसूक फुटतही राहतं. कॉस्टिकची खरी तीव्रता टायट्रेशनने काढा, वजनावर विसंबू नका.

नमुना २५ मिली, तो आधीच मोजून ठेवलेल्या २० मिली ०.०५ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये सोडा. प्रक्रिया तिथेच थांबते. मग उरलेलं ॲसिड ०.०५ मोलर कॉस्टिकने मोजा. ब्युरेटचं वाचन सुरुवातीला १० मिलीच्या जवळ असलं पाहिजे, निम्मी प्रक्रिया झाल्यावर १५ आणि शेवटाकडे २० च्या दिशेने. पहिलंच वाचन १७ आलं तर पुढची सात वाचनं घेत बसू नका, द्रावणं तपासा. पिपेट रिकामं व्हायला दहा-पंधरा सेकंद लागतात, तेव्हा वेळ ते अर्धं रिकामं होतं त्या क्षणाची लिहा.

रंगाचं कोडं यातच आहे. नमुन्यात न फुटलेलं ॲसिटेट शिल्लक असतं. शेवटचा थेंब जास्त पडला की ते जास्तीचं कॉस्टिक ॲसिटेटवर खर्च होतं आणि गुलाबी रंग फिका पडतो. त्याच्या मागे लागलात तर वाचन चढत जाईल. फ्लास्कभर पसरलेला पहिला फिका गुलाबी दहा-पंधरा सेकंद टिकला की थांबा. सगळ्यात आधीच्या नमुन्यांत ॲसिटेट जास्त, म्हणून तिथेच हा त्रास जास्त होतो. नमुने साठवून शेवटी एकदम टायट्रेट करू नका, आम्लातही ॲसिटेट हळूहळू फुटतं.

सरांना तापमानाची नोंद आणि हे गणित दाखवा. 'पुन्हा करा'च्या ऐवजी 'तीन तापमानांना करा' असं ते म्हणाले तर प्रयोग सत्कारणी लागेल.

प्रश्न: डिस्टिलेशनसाठी इथेनॉल मिळवणं गुजरातेत त्रासाचं आहे. मिथेनॉल वापरलं तर?
(विभागप्रमुख, बडोद्याजवळचं महाविद्यालय)

उत्तर: मिथेनॉल विद्यार्थ्यांच्या खुल्या कॉलममध्ये नको. ते विषारी आहे, त्याची वाफही, आणि हिशेब चुकलेला एक कॅन बाहेर गेला तर विषारी दारूने काय होतं हे गुजरातला सांगायची गरज नाही. इथेनॉलला नशाबंदी खात्याचा परवाना लागतो. १९४९ च्या मुंबई नशाबंदी कायद्याचा वारसा राज्याने सोडलेला नाही. परवाना असेल तर साठ्याची नोंदवही, कुलूप आणि दर प्रयोगाची वापर-परत नोंद काटेकोर ठेवा. नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी घ्या.

या जोडीत एक आयती कसोटी आहे. वातावरणीय दाबाला ८०.३ अंशांच्या आसपास तिचा ॲझिओट्रोप (ज्याची वाफ आणि द्रव सारख्याच प्रमाणाचे असतात असं मिश्रण) बनतो, वजनाने सुमारे ८८ टक्के अल्कोहोलचा. वर कितीही ट्रे असले तरी साध्या कॉलममधून त्यापुढे जाता येत नाही. कुणी ९५ टक्के आणलं तर त्याचं मोजमाप चुकलं आहे. हाच ॲझिओट्रोप असल्यामुळे फेन्स्केचं (किमान ट्रे काढण्याचं) समीकरण इथे लावू नका, ते स्थिर धरतं ती सापेक्ष बाष्पशीलता कॉलमभर बदलत जाते. समतोल वक्र काढून त्या आलेखावर मॅक्केब-थिलेच्या पायऱ्या मोजा.

बॉयलरमध्ये १० किलो मिश्रण १५ टक्क्यांचं केलं तर अल्कोहोल दीड किलो, म्हणजे १.९ लिटर लागतं. पूर्ण रिफ्लक्सवर (वर आलेला सगळा द्रव कॉलममध्ये परत सोडत) किमान पाऊण तास जाऊ द्या. वरचं तापमान स्थिर झालं म्हणजे संपूर्ण कॉलम स्थिर झाला असं नाही, दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या वरच्या दोन नमुन्यांची घनता जुळली पाहिजे. घनता मोजताना तापमान सांभाळा. ५० टक्क्यांच्या आसपास एक टक्का बदलला की घनता साधारण ०.००२४ ने बदलते आणि एक अंश चढला की ०.०००८ ने उतरते. नमुना पाच अंश गरम राहिला तर पावणेदोन टक्के चूक आयती पदरात. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी बॉटल २५ च्या बाथमध्ये ठेवूनच वजन करा.

शुद्ध अल्कोहोलचा ज्वलनबिंदू १२ अंश आहे. कॉलमजवळ बर्नर, उघडा स्विच, मोबाइलचा चार्जर काही नको. आधी कंडेन्सरचं पाणी, मग हीटर. बंद करताना उलट क्रम.

प्रश्न: उकळत्या पाण्यात आमचा नवा थर्मामीटर ९८.२ दाखवतो. दुकानदार बदलून देत नाही.
(वाचक, इंदूर)

उत्तर: दुकानदार बरोबर आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, तिथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. बडोदा चाळीसेक मीटरवर आहे, इथे ९९.९ दिसायला हवं. शून्य बर्फाने तपासा आणि वरचं टोक बॅरोमीटरचं वाचन घेऊन. बाष्प-द्रव समतोलाच्या प्रयोगातही पुस्तकातली ७६० मिमीची सारणी इंदुरात तशीच लावू नका.

प्रश्न: सीनियरांची जर्नल पिढ्यान्पिढ्या फिरतात. कशी थांबवावी? त्यापेक्षा सगळं संगणकावर सिम्युलेशनने का करू नये?
(दोन वेगळी पत्रं)

उत्तर: स्थिती बदलून द्या. प्रत्येक बॅचच्या प्रत्येक गटाला गरम पाण्याचा प्रवाह, फीडची तीव्रता किंवा फिल्टर प्रेसचा दाब वेगळा, आणि तो आदल्या दिवशीच कळवायचा. कच्ची वाचनं कार्बन पेपर लावून शाईनेच लिहायची, प्रत निघतानाच शिक्षकाकडे. चुकीचा आकडा एका रेघेने खोडायचा, खरडून नाही. दहा प्रयोगांचे दहा मोठे अहवाल मागितले की नक्कल होतेच. प्रत्येक फेरीत एकच मोठा अहवाल ठेवा, बाकी चार दोन-दोन पानांचे: आकृती, एक नमुना गणित, एक आलेख, त्रुटीचं कारण. 'सिद्धान्त' या मथळ्याखालची पुस्तकातून उतरवलेली तीन पानं तर बंदच करा, ती कुणी वाचत नाही, शिक्षकही नाही.

सिम्युलेशन जोडीला ठेवा, बदली म्हणून नको. सॉफ्टवेअरमध्ये गॅस्केट गळत नाही आणि रोटामीटरचा फ्लोट चिकटत नाही. १८९० मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीरावांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य होते, आणि तिथे रंगाईचं काम हातानेच शिकवलं जाई. पुढे १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी मिळून बडोद्यात अलेंबिक ही रसायनं आणि औषधं बनवणारी कंपनी उभी केली. या शहरात कारखाना प्रयोगशाळेतून निघाला आहे.

प्रश्न: प्रयोगानंतरचं सगळं सिंकमध्ये ओततो. चालतं का?
(विद्यार्थी, बडोदा)

उत्तर: पातळ आम्ल-अल्कली एकमेकांत मिसळून, पीएच ६ ते ८ मध्ये आणून, भरपूर पाण्याबरोबर चालेल. टोल्युइन अजिबात नाही. एक्स्ट्रॅक्शनमध्ये गटाला २०० मिली धरलं तर पंधरा गटांचं तीन लिटर होतं. त्यातलं ॲसेटिक ॲसिड पाण्याने दोनदा धुऊन काढा, थर नीट वेगळे होऊ द्या आणि तेच टोल्युइन पुढच्या बॅचला वापरा. वापरण्याजोगं राहिलं नाही तर 'बिगर-हॅलोजन सॉल्व्हंट' अशी चिठ्ठी लावलेल्या धातूच्या कॅनमध्ये, तीन-चतुर्थांशच भरून ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडे द्या. क्लोरीन असलेलं काहीही त्या कॅनमध्ये नको.

फिल्टर प्रेसचा चुना मात्र सगळ्यात जास्त सिंक तुंबवतो, कारण तो निरुपद्रवी वाटतो. कॅल्शियम कार्बोनेटचा केक ट्रे ड्रायरमध्ये वाळवा, ड्रायरवाल्या गटाला तोच नमुना म्हणून द्या, वाळल्यावर कुटून पुन्हा स्लरी करा. दोन-तीन फेऱ्यांनंतर कण बारीक होत जातात आणि केकचा रोध वाढतो, तेव्हा फिल्टर प्रेसच्या दोन गटांचे आकडे जुळले नाहीत तर आधी माल कितव्या फेरीचा होता ते विचारा.